गोळीबाराच्या खेळातला बोहाडा

त्या खेळात मी नेहमी सगळ्यांच्या आधी मरायचो.

खेळ बंदुकींचा होता. खोलीतले सगळे कॉम्प्युटर वायरीने एकमेकांना जोडलेले असत आणि आम्ही आपापल्या पडद्यावर एकाच गावात फिरत असू, एकमेकांना शोधत, गोळ्या घालत. नाशकात द्वारका चौकाजवळ, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गल्लीत एक सायबर कॅफे होता. आमचं कॉलेज सकाळचं, त्यामुळे दुपारी आम्ही तिथे. कॅफेवाला सटाण्याकडचा होता, आमच्यापेक्षा थोडाच मोठा. रिकाम्या खुर्च्या बघून त्याला उदास वाटायचं म्हणे, म्हणून दुपारी तो आम्हाला बसू द्यायचा.

मला तिथे नेलं माझ्या रूममेटने. तो निफाडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. मी पेठकडच्या एका पाड्यावरचा. माझे वडील हंगामात त्याच्याच बाजूला द्राक्षं तोडायला जात. हे दोघांनाही माहीत होतं. पहिले काही महिने आम्ही त्यावर बोललो नाही, आणि पुढे एकदा तो म्हणाला, "आपण लहानपणी एकाच बागेत असू रे, तू खाली आन् मी ट्रॅक्टरवर," तेव्हा दोघंही हसलो आणि तो विषय संपला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात मी बोलत नसे. बोलायचं म्हटलं की वाक्य आधी मनात दोनदा लावून बघायचो, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

खेळातही तसंच व्हायचं. कोण आपला, कोण परका हे ठरवेपर्यंत मी पडलेला असायचो.

"पाव्हणं, गेले का परत?" रूममेट न वळता विचारायचा.

"गेलो."

"नुसती गोळी झाडायची रे! विचार कसला करतो?"

पण खरं सांगायचं तर मला मरण्याची घाई व्हायला लागली होती. कारण त्या खेळात मेल्यावर तुम्हाला बाहेर काढत नाहीत. डाव संपेपर्यंत तुम्ही हवेसारखे कुठेही तरंगू शकता. भिंतीवरून, छपरावरून, विहिरीत. बाकीचे पळत असत आणि मी त्या गावात हिंडत असे. कुणीतरी एका भिंतीवर दुपारचं ऊन रंगवलं होतं. एका गल्लीच्या टोकाला, जिथे लढायला कधी कोणी जात नसे, तिथे एक बंद दार होतं आणि दारापाशी मडकं ठेवलेलं होतं. मला वाटायचं, हे मडकं कुणी ठेवलं असेल? ते फोडता येत नाही, त्यामागे लपता येत नाही. तरी कुणीतरी जगात कुठेतरी बसून ते केलं, कारण त्याला वाटलं असेल की दारापाशी मडकं असायला हवं. त्या मडक्याजवळ मी कितीतरी वेळ थांबून राहायचो. अंगावर काटा यायचा. हे कोणाला सांगावं ते कळत नव्हतं.

शेवटी धीर करून कॅफेवाल्याला विचारलं, "दादा, हे गाव कोण करतं?"

"कोणीबी करू शकस भाऊ," तो म्हणाला. "खेळासंगे त्येनं सॉफ्टवेअर येस. कोणी उघडत नही." आणि त्याने ते उघडून दाखवलं.

एक काळी पोकळी आणि तिच्यात रेघा. त्यात ठोकळा ओढायचा, ठोकळ्याला मातीचा रंग लावायचा, दिवा टांगायचा, की पडद्यावर आतून त्यात चालता यायचं. पहिला ठोकळा ठेवून मी आत चालत गेलो, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलो नाही, पण खुर्चीवरून उठून उभा राहिलो. कॅफेवाल्याने विचारलं, "करंट बसना काय?"

मी काय करणार होतो? मला एकच जागा पाठ होती. आमचा पाडा. एक सरळ वाट, दोन्ही बाजूंना कुडाची घरं, टोकाला देवीचं लहानसं देऊळ. कुडाच्या भिंतीसाठी मी मातीचे फोटो शोधले, ते जमले नाहीत, मग कॉम्प्युटरवरच्या पेंट प्रोग्राममध्ये स्वतः काढले. ओटे, गोठा, आडव्या बांबूवर टांगलेली मक्याची कणसं. पुढे कित्येक महिने रोज दुपारी बाकीचे लढत आणि मी कोपऱ्यातल्या मशीनवर घरं बांधत असे.

तयार झाल्यावर रूममेट आणि कॅफेवाला आत आले. रूममेट बंदूक घेऊन वाटेवरून पळत गेला, देवळापाशी पोचला, परत आला.

"अरे, लपायचं कुठं हितं? नुसता रस्ता हाय!"

"लपायला नाही केलं."

"मग काय करायचं?"

असं विचारून तो थांबला. मग हळूहळू चालू लागला. एका दारापाशी थांबून त्याने विचारलं, "हे घर कुणाचं?" मी सांगितलं. "आन् हे?" तेही सांगितलं. कोण म्हातारी तिथे बसते, कुणाचा बैल त्या दाव्याला असतो, पावसाळ्यात पाणी कुठून शिरतं. त्या दुपारी मी नाशकात आल्यापासून बोललो नव्हतो इतकं बोललो. दोघं आपापल्या पडद्यावर बंदुका खाली करून माझ्या पाड्यातून हिंडत होते, आणि मी त्यांना गाव दाखवत होतो, खुर्चीवर बसून.

"गाव झ्याक हाय," रूममेट म्हणाला. "फक्त माणसांची तोंडं काय मेल्यासारखी. हसत नाय, रडत नाय. दगड नुसती."

ते खरं होतं. खेळातल्या माणसांचे चेहरे हलत नसत. कितीही धावा, पडा, मरा, तोंड तेच. त्यावर माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "सोंगासारखी."

"कसलं सोंग?"

मग मी त्यांना बोहाडा सांगितला. होळीनंतर आमच्या डोंगरातल्या गावांमध्ये देवादैत्यांची सोंगं निघतात. लाकडाचे मोठे मुखवटे डोक्यावर बांधतात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग वाटेच्या एका टोकाहून नाचत येतं, दोन पावलं पुढे, एक मागे, आणि लोक दोन्ही बाजूंना बसलेले असतात. स्टेज नसतं. पडदा नसतो. सोंग तुमच्या गुडघ्याला घासून जातं. आणि देवी सगळ्यांत शेवटी, उजाडताना निघते. तिच्या मुखवट्याचं तोंडही हलत नाही, पण आम्ही सगळ्यांनी तिला रागावताना पाहिलं आहे आणि हसताना पाहिलं आहे. नाचणारा मान खाली घालतो, टेंभ्याचा उजेड बदलतो, आणि लाकूड रागावतं.

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. मी कॅफेवाल्याला म्हटलं, "दादा, तुमचा माणूस दिव्याखालून चालवा. हळू. आता खाली बघा. आता वर."

त्याने माऊस हळूच वर केला. रूममेटच्या पडद्यावर, दिव्याच्या उजेडात तो मेलेला चेहरा वर आला, आणि बदलला. खरोखर बदलला. आधी लाजल्यासारखा दिसत होता तो आता आम्हाला जाब विचारत होता.

"आयला," रूममेट म्हणाला.

पुढच्या काही दुपारी मी देवी काढत होतो. त्या खेळात माणसाच्या अंगावरचे कपडे, चेहरा हे सगळं एका चित्रात असतं, ते चित्र बदललं की माणूस बदलतो. पेंटमध्ये मोठं करून मी एकेक चौकोन रंगवला. लाल चेहरा, पांढऱ्याभोवती काळे डोळे, नाकात नथ, कपाळावर मोठा मळवट. आमच्या घराकडेच देवीचं सोंग होतं. माझा काका ते नाचवायचा, त्याआधी आजोबा नाचवायचे. मुखवटा मला डोळे मिटून दिसत होता.

चित्र बसवलं आणि मी आत शिरलो. आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, म्हणून मी शेजारी रूममेटच्या पडद्याकडे पाहिलं. वाटेच्या टोकाला देवी उभी होती. मागे ट्रान्सपोर्टवाल्याचा हमाल पाणी प्यायला आला होता, तो तसाच बघत उभा राहिला. मग कॅफेवाल्याच्या गिऱ्हाइकाला मशीन हवं होतं, म्हणून मी बंद केलं आणि उठलो. रस्त्याने जाताना मी आणि रूममेट दोघं एकदमच बोलत होतो, कोण काय म्हणतंय ते ऐकू येत नव्हतं.

त्या रविवारी घरी गेलो. वर्ष महत्त्वाचं होतं. काकाचा खांदा निकामी झाला होता आणि मुखवट्याचा भार त्याला पेलत नव्हता. यंदा देवी माझ्याकडे द्यायची असं गावात बसून ठरलं होतं. लहानपणापासून मी ह्याची वाट बघत होतो. बोहाडा पुढच्याच आठवड्यात होता.

जेवताना मी आनंदाने सांगून टाकलं. "काका, मी तिकडं देवी केली. कॉम्प्युटरमधी."

"चित्र?"

"चित्र नाय. चालवता येती. मीच आत शिरलो आन् घालून पाहिली."

काकाने भाकरी मोडता मोडता विचारलं, "नाचवली का?"

"नाय. नुसती घालून पाहिली."

त्याचा हात थांबला. मला तेव्हा लक्षात आलं. आमच्यात मुखवटा एकदा डोक्याला लावला की तसाच काढून ठेवत नाहीत. लावला तर वाजवायचं, लोकांसमोरून देवळापर्यंत नाचवायचं, मग नारळ फोडून उतरवायचा. गंमत म्हणून कोणी पोरगंही लावून बघत नाही. मलाही हे माहीत होतं, पण माऊस हातात असताना ते मनातच आलं नव्हतं.

वडील म्हणाले, "आरं, पोरांचा खेळ हाय तो. टीव्हीवाणी."

"टीव्हीत दुसरा नाचतो," काका म्हणाला. "ह्यो सवता आत शिरलो म्हणतो." मग माझ्याकडे वळून, "आता कुठं हाय ती?"

"बंद आहे, काका. मशीन बंद केलं."

"बंद म्हंजी दार लावलं. दार लावल्यानं आतलं मानूस जातं का?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो विचार करत होता, शेताच्या बांधाचा करावा तसा, अगदी शांतपणे. आणि मला भीती वाटत असतानाही आत कुठेतरी फार आनंद झाला होता. कॉलेजात सगळे ह्याला टाइमपास म्हणायचे. पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं की तिथे आत नक्की काय झालं.

शेवटी काका म्हणाला, "एक देवी दोन ठिकानी उभी नाय ऱ्हात. तठली नाचवून उतरव, मंग हितली डोक्याला घे. नाय तं यंदा सोंग दुसऱ्या घराला जाईल."

"पण तिथं वाजवणार कोण?"

"आम्ही येतो की."

"नाशकात?" वडील हसायला लागले.

"देवी नाशकात उभी हाय तं नाशकात," काका म्हणाला आणि जेवू लागला.

बोहाड्याच्या आधी, शुक्रवारी दुपारी नाचवायची असं ठरलं. मधल्या दिवसांत मी अभ्यासाचं एक पानही उघडलं नाही. आधी पावलं बसवायची होती. पुढे जायचं बटण दोनदा, मागे जायचं एकदा, आणि त्याच वेळी माऊसने मान. बोटांना ते जमेना. मी जेवणाच्या ताटावर, बसच्या सीटवर, वर्गात बाकाखाली बोटं नाचवत असे. मग सोंगाला मागून धरणारा लागतो. मुखवटा जड असतो, नाचणाऱ्याचा तोल जातो, म्हणून एक माणूस कायम कमरेला धरून मागे असतो. ते काम रूममेटने घेतलं. पण खेळातल्या माणसांना एकमेकांतून जाता येत नाही. मी एक पाऊल मागे आलो की त्याला धडकायचो आणि दोघं अडकून बसायचो.

"देवी, जरा सांगून मागे येत जा ना!"

"देवी सांगत नाही. तू तालावर मागे सरक."

"ताल कुठंय? इथं नुसता पंखा वाजतोय."

मग कॅफेवाला टेबलावर बोटांनी ताल धरायला लागला आणि जमलं. दैत्य तोच होणार होता. काळं अंग, मोठे दात. त्याला दैत्य फार आवडला. गिऱ्हाईक आलं तरी तो म्हणायचा, "थांब भाऊ, मी जरा राक्षस शे."

अडचण हातांची होती. त्या खेळात माणसाला रिकाम्या हाताने उभं राहता येत नाही. बंदूक टाकली तरी चाकू राहतोच. बोहाड्यात चाकू घेऊन लोक कसे बसतील? दोन दिवस मी त्यावर अडलो होतो, आणि एकदा आंघोळ करताना उत्तर सुचलं. चाकूलाही चित्र असतं! साबण अंगावर तसाच ठेवून मी रूममेटला हाक मारली. त्याच दुपारी मी चाकूची मूठ लाकडी केली आणि पातं पिवळं-तांबडं, वर थोडा धूर. हातात टेंभा आला. वाटेवर उभं राहून तो हलवला तेव्हा आम्ही तिघंही टाळ्या वाजवत होतो.

आता टेंभे धरायला गाव हवं होतं. कॅफेत येणारी डिप्लोमाची पोरं होती, सगळी नेमबाज. त्यांना विचारायचं म्हणजे मला बोलायला लागणार होतं. मी वाक्य मनात लावलं आणि उभा राहिलो.

"मित्रांनो," मी म्हणालो, आणि सगळे हसले.

"बोला साहेब."

मी सांगितलं. अडखळत सांगितलं.

एकाने विचारलं, "मग मारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं."

"आणि जिंकणार कोण?"

"देवी."

"म्हणजे आधीच ठरलंय. मग मजा काय त्यात?"

हे मी मनात लावलेलं नव्हतं. तरी बोललो. "आमच्या गावात पण सगळ्यांना ठाऊक असतं. तरी म्हातारी माणसंसुद्धा उजाडेपर्यंत बसून राहतात. देवी आज कशी येते ते बघायला."

मग मागचा एक म्हणाला, "टेंभा मला पण मिळेल ना?" आणि काम झालं. माझ्या भाषणापेक्षा टेंभ्याने जास्त काम केलं, हे मला माहीत आहे.

शुक्रवारी काका, वडील आणि दोन वाजवणारे पेठच्या एसटीने आले. संबळ कापडात गुंडाळलेला. कॅफेवाल्याने त्यांना खुर्च्या दिल्या. चाकांची खुर्ची काकाखालून सरकली, तेव्हा तो म्हणाला, "हिला दावं लावा आधी." पोरं एकदम मोकळी झाली. कॅफेवाल्याला शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याची धास्ती होती. "जरा हळू वाजाडा मामा." संबळवाला मान डोलावून म्हणाला, "हळू वाजत नाय हे." मग कॅफेवाल्याने स्वतःच जाऊन ट्रान्सपोर्टवाल्याला बोलावून आणलं आणि खुर्चीवर बसवलं, म्हणजे तक्रार करायला कोणी उरायला नको.

मधल्या एका मशीनवर कुणी खेळत नव्हतं. तिथून फक्त बघायचं होतं. काका त्याच्यासमोर बसला. त्याने पडद्यावर पाडा पाहिला. बराच वेळ पाहिला. "आपला गोठा डावीकडं घेतलास," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, चुकलं. तो म्हणाला, "राहू दे. ऊन तिकडनंच येतं."

संबळावर टिपरी पडली. त्या लहान खोलीत तो आवाज छातीत येऊन बसला. पिपाणी वर चढली आणि मी पहिलं पाऊल टाकलं.

माझ्या दोन्ही बाजूंना टेंभे होते. नेमबाज पोरं ओळीने उभी होती, आणि त्यांच्यातला एक मध्येच उडी मारत होता, त्याला दुसरा म्हणत होता, "नीट उभा राहा ना, देवी येतेय." दोन पावलं पुढे, एक मागे. मान खाली, मान वर. रूममेट मागे तालावर सरकत होता. घामाने माऊस निसटत होता. मी शेजारच्या पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही, काकाकडेही नाही. निम्मी वाट झाली असेल.

तेवढ्यात गोळ्यांचा आवाज आला.

एक पोरगा उशिरा आला होता. दाराजवळच्या मशीनवर कानाला हेडफोन लावून बसला, खेळ चालू दिसला म्हणून आत शिरला. त्याला काय माहीत? वाटेवर लाल तोंडाचं कुणीतरी सावकाश चालतंय, म्हणून त्याने झाडली. माझा पडदा लाल झाला. जीव अगदी थोडा राहिला. आणखी एक गोळी लागली असती तर देवी वाटेतच पडली असती, आणि मग ती नाचली की नाही हे मला काकाला विचारायची हिंमत झाली नसती.

अशा वेळी पळायचं असतं. भिंतीआड जायचं, बसायचं. इतक्या दिवसांत एवढं तर मीही शिकलो होतो, बोटं तिकडे वळलीही. वाजवणाऱ्यांचं पडद्याकडे लक्ष नव्हतं, त्यांचा ताल चालूच होता. आणि मागून काकाचा आवाज आला, "पाय थांबवू नको."

मी पळालो नाही. दोन पुढे, एक मागे. बंदुकीच्या समोर. मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे चालत गेलो. पुढची गोळी केव्हा येते त्याची वाट बघत होतो आणि गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती. संबळ इतका मोठा होता की भीतीला जागाच नव्हती.

गोळी आली नाही. तो नंतर म्हणाला, "मला आधी वाटलं याचं मशीन हँग झालं. पुढं-मागं, पुढं-मागं. मग कळलं की ताल आहे. हेडफोन काढला तर खोलीत बँड!" त्याने बंदूक खाली केली. मी त्याच्या अंगाला घासून पुढे गेलो. मागे पाहायला मला वेळ नव्हता, पण रूममेटने सांगितलं, तोही ओळीत जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात आता टेंभा होता.

देवळासमोर दैत्य आला. कॅफेवाला मनापासून नाचला, जरा जास्तच नाचला. ठरल्याप्रमाणे मी टेंभा मारला, तो पडला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या नावापुढे एक आकडा उमटला. त्या खेळात मी पाडलेला पहिला आणि शेवटचा माणूस. पोरं ओरडली. संबळ थांबल्यावर ट्रान्सपोर्टवाला उठून उभा राहिला आणि त्याने पडद्याला हात जोडले. मग त्याला लाज वाटली असावी, तो म्हणाला, "पाणी आहे का इथं?"

मी काकाकडे वळलो. तो अजून पडद्याकडेच बघत होता, देवळापाशी उभ्या देवीकडे.

"झालं का, काका?"

त्याने टेबलाला धरून चाकांची खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मधी गोळी लागली तव्हा तू तिला चालू ठेवली," तो म्हणाला. "म्या असतो तं बसलो असतो खाली." आणि मग, "उतरव आता."

मी देवीचं चित्र काढून त्या माणसाचं साधं तोंड परत बसवलं. वडिलांनी कॅफेच्या पायरीवर नारळ फोडला. कॅफेवाला मशीनवर पाणी उडेल म्हणून दार धरून उभा होता. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. डिप्लोमाची पोरं काकाभोवती जमून विचारत होती, दैत्य किती असतात, भूतं असतात का, आम्ही आलो तर चालेल का. काका म्हणाला, "या की. पन बंदुका नका आनू." उशिरा आलेला पोरगा सगळ्यांत जास्त हसला.

बोहाडा झाला. रूममेट आला होता, रात्रभर माझ्या आईजवळ बसून प्रत्येक सोंगाला विचारत होता, हे कोण, हे कोण. पहाटे मला देवळामागे नेलं. लुगडं नेसवलं. काकाने स्वतः मुखवटा उचलला, दुखऱ्या खांद्याने, आणि माझ्या डोक्याला बांधला. लाकडाचा, शेंदराचा, धुराचा वास. जग एकदम लहान झालं. डोळ्यांच्या दोन भोकांतून फक्त समोरची वाट दिसत होती, दोन्ही बाजूंना टेंभे, टोकाला उजाडत आलेलं आभाळ.

मी खाली पाहायचा प्रयत्न केला. माझे पाय मला दिसेनात.

काका कानाशी म्हणाला, "पाय दिसत नाय ना? घाबरू नको. पहिल्यांदी सगळ्यांना गडबडायला व्हतं. बरेच जन हितंच आडखळतात."

त्या खेळातही आपले पाय कधी दिसत नाहीत. कितीही खाली बघा, नुसती जमीन असते. महिनोन्‌महिने मी ह्याच वाटेवर, पाय न बघता, चाललो होतो. मुखवट्याच्या आत मला हसू फुटलं, आणि ते कुणालाही दिसलं नसणार.

"मला सवय आहे, काका," मी म्हणालो.

संबळावर टिपरी पडली.